रेडिएटरच्या पोटातला कूलर

आमच्या टीममधे सहा जणांकडे ऑटोमॅटिक गाड्या आहेत. परवा कँटीनमधे सहज विचारलं, की बाबांनो, तुमच्या गिअरबॉक्सचं तेल थंड कुठे होतं? एकाने एसीचं नाव घेतलं. एकाने "सर्व्हिसिंगला" असं उत्तर दिलं (हे मला फार आवडलं). बाकीचे चहा प्यायला लागले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. डॅशबोर्डवर इंजिनाच्या तापमानाचा काटा असतो, गिअरबॉक्सचा नसतो. आणि जे स्क्रीनवर दिसत नाही ते अस्तित्वातच नाही, असं मानायची आपल्या धंद्यात सवयच आहे.

तर उत्तर असं, की टॉर्क कन्व्हर्टरवाल्या बहुतेक आणि सीव्हीटीवाल्या बऱ्याच गाड्यांमधे हे तेल इंजिनाच्या रेडिएटरमधे जाऊन थंड होतं. रेडिएटरच्या ज्या टाकीत निवलेलं पाणी येतं, त्या टाकीच्या आत एक छोटा बंद कूलर बसवलेला असतो. गिअरबॉक्समधून एक नळी येते, तेल त्या कूलरमधून फिरतं, दुसऱ्या नळीने परत जातं. आत तेल, बाहेर कूलंट, मधे पातळशी धातूची भिंत. बस्स. (ज्यांच्याकडे एएमटी आहे त्यांनी निर्धास्त राहावं. २०१४ साली सेलेरिओने आपल्याकडे स्वस्तात आणली ती एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर बदलायला यंत्र. तिथे या नळ्या नसतात.)

तेल तापतं कशाने? टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे समोरासमोर ठेवलेले दोन टेबलफॅन समजा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरतो. इथे वाऱ्याऐवजी तेल. हायवेवर दोन्ही जवळजवळ एकाच वेगाने फिरतात, शिवाय आतला लॉक लागतो, त्यामुळे फारसं काही वाया जात नाही. पण संध्याकाळी सात वाजता एस. व्ही. रोडवर एक पंखा फिरतोय आणि दुसरा ब्रेक लावून उभा, अशी स्थिती असते. मधलं तेल नुसतं घुसळलं जातं आणि ती सगळी ताकद उष्णता होते. म्हणजे मुंबईत गाडी जितकी कमी चालते तितका गिअरबॉक्स जास्त तापतो.

आता यातली गोम. रेडिएटर ही तशी किरकोळ वस्तू, गिअरबॉक्स ही गाडीतली सगळ्यात महागड्या वस्तूंपैकी एक, आणि दोघांमधे ती एक पातळ भिंत. भिंत गंजली किंवा तडकली की दोन्ही द्रव एकमेकांत मिसळतात. गाडी चालू असताना सहसा तेलाचा दाब जास्त असतो, त्यामुळे तेल कूलंटमधे जातं. पण इंजिन बंद केलं की तेलाचा दाब शून्यावर येतो आणि तापलेल्या रेडिएटरमधे मात्र साधारण एक बारचा दाब बराच वेळ टिकून राहतो. मग कूलंट तेलात शिरतं. म्हणजे गाडी पार्क करून तुम्ही वर घरी जेवताय आणि खाली गिअरबॉक्समधे पाणी भरतंय! आतल्या क्लचच्या चकत्यांवर घर्षणाचा जो थर चिकटवलेला असतो, त्याचा चिकटा पाणी आणि ग्लायकॉलने सुटतो. तेल गुलाबी, फेसाळ होतं, थेट महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी क्रीमसारखं. अमेरिकेत निसानच्या २००५ ते २०१० च्या पाथफाइंडर, फ्रंटिअर, एक्सटेरा या गाड्यांमधे हे इतक्यांच्या वाट्याला आलं, की लोक त्या रोगालाच 'स्ट्रॉबेरी मिल्कशेक' म्हणायला लागले. प्रकरण कोर्टात गेलं आणि कंपनीला रेडिएटरची वॉरंटी वाढवून द्यावी लागली.

हे सगळं पुराण सांगायचं कारण म्हणजे आमची गाडी.

गाडी माझी नाही, बाबांची. बाबांच्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झाला. चालतात, पण क्लच दाबण्याइतका जोर त्या पायात कधीच नव्हता. त्यामुळे आयुष्याची पंचेचाळीस वर्षं गाडी ही वस्तू त्यांच्यासाठी नव्हतीच. लोकलचा अपंगांचा डबा, स्टेशनपासून रिक्षा, आणि पावसाळ्यात देवाचं नाव. २००५ च्या २६ जुलैला आमच्या सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. वाकोल्यात आमच्या इमारतीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी होतं. बाबा अंधेरीच्या ऑफिसात टेबलावर झोपले. बाकीचे सहकारी कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेले, त्यांना ते शक्य नव्हतं. फोन बंद. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले तेव्हा आई त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही, आधी नुसता चहा ठेवला.

२०१० मधे त्यांनी फिक्स्ड डिपॉझिट मोडून ऑटोमॅटिक गाडी घेतली. (जुलैच्या पुरात अशा गाड्यांचेही हाल झाले होते. गिअरबॉक्सला हवेसाठी एक तोंड असतं, तिथून पाणी आत जातं. पण बाबांना गाडी पुरातून काढायची नव्हती, पुराच्या आधी घरी यायचं होतं.) मिलन सबवेत पाणी भरल्याच्या बातमीआधी घरी पोचायचं हा त्यांचा पंधरा वर्षांचा नेम आहे. निवृत्तीनंतर दर मंगळवारी पार्ल्याला मित्रांकडे, गुरुवारी आईला घेऊन मंडईत. गेल्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं झाली, फिटनेस झाला, नोंदणी आणखी पाच वर्षांची करून घेतली. आरटीओतून बाहेर येताना बाबा म्हणाले, "चला, पंच्याहत्तरीच्या जवळपास पोचवणार ही." हिशेब पाहिला तर सत्तरीच्या आत भरतो, पण मी गप्प बसलो.

आणि या वर्षी एप्रिलमधे कूलंटच्या बाटलीतली पातळी दर आठवड्याला बोटभर खाली यायला लागली.

तापमानाचा काटा जागच्या जागी. गाडीखाली डाग नाही. बॉनेट उघडून टॉर्च मारला तर रेडिएटरच्या खालच्या प्लॅस्टिकच्या टाकीवर, जिथे गिअरबॉक्सची नळी आत जाते नेमकं तिथे, वाळलेल्या मिठासारखा पांढरट-हिरवट थर. कूलंट झिरपून गरम टाकीवर सुकत होतं, म्हणून खाली थेंब पडत नव्हता. एका मोठ्या वर्कशॉपमधे दाखवलं. त्यांनी रेडिएटर बदला, दोन्ही नळ्या बदला, नळ्या आता येत नाहीत, आल्या तर बघू, गिअरबॉक्सबद्दल काही सांगू शकत नाही, अशी चार वाक्यं आणि एक आकडा सांगितला. आकडा गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या वर होता. वर प्रेमळ सल्ला, "काका, विकून टाका ना, हल्ली ॲपवर टॅक्सी मिळते."

बाबा घरी येईपर्यंत काही बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." हे वाक्य ते ज्या सुरात म्हणाले तो सूर मला ओळखीचा आहे. लग्नाच्या पंगतीत सगळे वर गच्चीवर जेवायला जातात आणि हे खाली खुर्चीवर बसून "मला भूक नाही रे" म्हणतात, तो सूर.

मग मी उस्तादांना फोन लावला.

उस्ताद म्हणजे आमच्या वाकोल्याच्या गल्लीतले मेकॅनिक. वय साठीच्या आसपास. मी इंजिनिअर आहे हे कळल्यापासून मला 'इंजिनिअरसाब' म्हणतात, आणि त्यात आदर किती व चेष्टा किती हे अजून उमगलेलं नाही. त्यांनी आधी गिअरबॉक्सची डिपस्टिक काढायला लावली. तेल तपकिरी-लाल, फेस नाही, गुलाबी छटा नाही. तरी त्यांचं समाधान होईना. म्हणाले, "तवा लाओ." जाड तवा चांगला तापवायचा आणि त्यावर तेलाचा एक थेंब टाकायचा. तेलात पाणी असेल तर तडतडतं, फोडणीत मोहरी टाकल्यासारखं. नसेल तर नुसता धूर. आईने तवा कशाला हवाय हे विचारलं आणि मी खरं सांगितलं, त्यावर झालेला संवाद इथे देत नाही. थेंब तडतडला नाही. म्हणजे तडा बाहेरच्या बाजूला होता, मधली भिंत शाबूत होती. निदान अजून तरी.

रेडिएटर नवा घालायचा हे ठरलंच. कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारात निघालेल्या गाडीचा जुना मिळत होता, पाव किमतीत. पण जुन्या रेडिएटरमधला कूलर आतून किती गंजलाय हे बाहेरून कुणाच्या बापाला कळणार? जिथे बिघाड झाला तर महागात पडणार तिथे सेकंडहँड घेण्यात हशील नाही. गल्लीच्या टोकाला रेडिएटरवाले चाचा आहेत, त्यांच्याकरवी नवा मागवला, कंपनीचा नव्हे पण नाव असलेला. साडेसहा हजार. चाचांचं सगळं आयुष्य पद्मिनी टॅक्स्यांवर गेलं, इथून दोन मैलांवर कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस शेवटच्या पद्मिनी टॅक्स्या रस्त्यावरून गेल्या. चाचा म्हणतात, "वो पीतल का था. जितनी बार फटे उतनी बार टाँका मारो. ये प्लास्टिक को क्या टाँका मारूँ?" नव्या रेडिएटरच्या कूलरचं एक तोंड बुजवून, दुसऱ्यातून हवा भरून त्यांनी तो पाण्याच्या टबात बुडवला, पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसा. एकही बुडबुडा नाही. नव्या वस्तूचीही टेस्टिंग करणारा माणूस पाहून मला भरून आलं. आमच्या क्यूएला दाखवायला हवा.

खरी अडचण नळ्यांची होती. लोखंडी नळी, साधारण करंगळीएवढी, टोकाला नट, तो रेडिएटरच्या टाकीतल्या पितळी तोंडात घट्ट बसलेला. समुद्राची हवा आणि पंधरा पावसाळे, नट आणि नळी गंजून एकजीव. नट फिरवायला गेलं की नळीही त्याच्याबरोबर पिळवटते, आणि ती नळी बाजारात मिळत नाही. म्हणजे साडेसहा हजारांचं काम एका नटापायी बुडणार. आणि पावसाला जेमतेम तीन आठवडे.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमधे काम सुरू. सेक्रेटरींनी दोन वाजेपर्यंतची परवानगी दिलेली, जमिनीवर डाग पडणार नाही या अटीवर. बाबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत. इंजिन रात्रभर थंड. खालचा नळ उघडून कूलंट बादलीत. बादलीवर लगेच झाकण, कारण ग्लायकॉल गोड लागतं आणि विषारी असतं, आणि सोसायटीत चार मांजरं आहेत. मग पंख्याचे प्लग, पंखा, वरची नळी, खालची नळी. इथवर कुणीही करेल असं काम. गिअरबॉक्सच्या दोन नटांवर शुक्रवार रात्रीपासून डब्ल्यूडी-फॉर्टी मारत होतो.

ब्रेकच्या पाइपसाठी जो पाना असतो, रिंगपान्याला एक फट पाडल्यासारखा, तो लावायचा. साधा पाना नटाचे कोपरे खातो. आणि एकाच पान्याने काम नाही. एका पान्याने रेडिएटरचं तोंड धरून ठेवायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा, नाहीतर तोंडच टाकीतून उपटून येतं. वरचा नट उस्तादांनी आधी किंचित आवळला, मग सोडला. आवळल्याने गंजाची पकड तुटते. कट्ट असा आवाज झाला आणि निघाला. टोकातून लाल तेल ओघळलं, ते मी बिसलरीच्या बाटलीत धरलं.

खालचा नट निघेना. आवळत नाही, सुटत नाही. उस्तादांनी तिसऱ्यांदा जोर लावला तेव्हा मला टॉर्चच्या उजेडात नळी केसभर पिळवटलेली दिसली. "उस्ताद, रुको." ते थांबले. बाबा खुर्चीतून थोडे पुढे झुकले. कुणी काही बोललं नाही. वर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

मी नळीवरून टॉर्च मागे मागे नेत गेलो. ती लोखंडी नळी सरळ गिअरबॉक्सपर्यंत जात नाही. वीतभर अंतरावर एक रबरी तुकडा आहे, दोन्ही बाजूंना क्लॅम्प. इंजिन हलतं, रेडिएटर हलत नाही, म्हणून मधे लवचीक जोड ठेवलेला असतो. मग नटाशी झगडायचं कशाला? इथे सोडवू. म्हटलं, "नट को हात ही मत लगाओ. रबर से छोडो, पाइप के साथ रेडिएटर बाहर." उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, मग रबराकडे. "और पाइप?" म्हटलं, रेडिएटर तर फेकायचाच आहे. वाचवायचा आहे तो पाइप. बाहेर काढला की रेडिएटर कापता येईल, तापवता येईल, काहीही करता येईल.

"सही बोला," उस्ताद म्हणाले. या दोन शब्दांसाठी मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं असं समजा.

क्लॅम्प सुटला, रबर चाकूने कापून काढलं (ते बदलायचंच होतं), दोन्ही तोंडांना स्वच्छ रबरी बूच. हे बूच महत्त्वाचं. गिअरबॉक्सच्या आतल्या वाटा इतक्या बारीक असतात, की वाळूचा एक कण नको तिथे अडकू शकतो. रेडिएटर वर उचलला, एका बाजूला शेपटीसारखा लोंबणारा पाइप. चाचांच्या दुकानात नेऊन करवतीने टाकीचं प्लॅस्टिक कापलं, पितळी तोंड व्हाइसमधे धरलं, थोडी ज्योत दाखवली. जो नट तासभर हलला नव्हता तो दोन मिनिटांत हाताने फिरायला लागला.

टाकी कापल्यामुळे आतला कूलर बाहेर आला. लाटण्याएवढा. खरंच, आईच्या पोळीच्या लाटण्याएवढा. वर राखाडी थर, दोन-तीन ठिकाणी खड्डे. चाचांनी नखाने एक खड्डा टोकरला आणि म्हणाले, "दो बारिश और." मी तो घरी आणून बाबांच्या हातात दिला. त्यांनी वजन केल्यासारखा वर-खाली केला. "एवढ्यावर चालली होती होय?"

उस्तादांचं म्हणणं होतं की नव्या रेडिएटरमधला कूलर वापरूच नका, समोर वेगळा लावा, तेल आणि पाणी एकमेकांजवळ यायलाच नको. विचार चुकीचा नाही. थंड देशांत रेडिएटरमधलं कूलंट तेलाला लवकर गरमही करतं, मुंबईत त्या सोयीचा उपयोग शून्य. पण समोर एसीचा कंडेन्सर आधीच वारा अडवून बसलाय, ट्रॅफिकमधे उभ्या गाडीला वारा मिळत नाही, आणि बाबांची गाडी ट्रॅफिकमधेच असते. शिवाय नवे रबरी जोड वाढणार, प्रत्येक जोड म्हणजे गळतीची नवी जागा. आतलाच ठेवला. कूलंट वेळेवर बदललं तर ती भिंत गंजत नाही. आमचा जुना कूलर पंधरा वर्षं टिकला, बाबांना तेवढी पुरेत.

रबरी नळीच्या बाबतीत एक गोष्ट सांगतोच, कारण हे दुकानदारही सांगत नाही. कूलंटची नळी तेलाला लावू नका. दिसायला दोन्ही काळ्या, पण कूलंटच्या नळीचं रबर तेलात फुगतं, मऊ होतं आणि एक दिवस क्लॅम्पमधून निसटतं. तेलाची नळी वेगळी मागायची, त्यावर तसं छापलेलं असतं.

बाकी काम भराभर झालं. बिसलरीत साडेसातशे मिली तेल जमलं होतं, पुस्तकात लिहिलेलं तेल बरोबर तेवढंच परत भरलं. निम्मं कूलंट, निम्मं डिमिनरलाइज्ड पाणी. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू, आतली हवा बुडबुडे होऊन बाहेर येईपर्यंत. त्यासाठी हीटर पूर्ण गरमवर ठेवावा लागतो. मे महिना, दुपारचा दीड, मुंबई, आणि गाडीत हीटर चालू करून बसलेला मी. गाडी तापल्यावर डिपस्टिक पुन्हा पाहिली, दोन खुणांच्या मधे. दोनला पाच मिनिटं कमी असताना सेक्रेटरी येऊन जमीन पाहून गेले.

संध्याकाळी मुद्दाम सात वाजता एस. व्ही. रोडला गाडी काढली. बाबा चालवत होते. खारपर्यंत पाऊण तास, निम्मा वेळ उभेच. माझ्या मोबाइलवर ओबीडीचं रीडिंग, कूलंट ९३, ९५, पंखा लागला, ९१. पुन्हा ९५, पुन्हा पंखा. बाबांनी एकदाही विचारलं नाही किती झालं म्हणून. फक्त मधेच डावा पाय हाताने उचलून नीट ठेवला, जसा ते नेहमी ठेवतात, आणि रेडिओ लावला.

परत आल्यावर गाडीखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी त्यावर पाण्याचा वाटीएवढा डाग. बाबा माझ्या आधी खाली पोचले होते. बोट लावलं, चोळलं, वास घेतला. चिकट नाही, गोडसर वास नाही.

"एसीचं," ते म्हणाले, आणि पुठ्ठा घडी करून डिकीत ठेवला. मंगळवारी पार्ल्याला जाऊन आले. दर पाचशे किलोमीटरला जोड तपासायचे असं मी कॅलेंडरमधे टाकलंय, ते स्वतःच टॉर्च घेऊन तपासतात आणि मला फोटो पाठवतात. आईने तवा अजून परत मागितलेला नाही, नवा आणलाय, आणि तो कुठे ठेवते ते मला सांगत नाही.